गिरदावरसाहेबांचा दगड

"चालता का?"

औरंगाबादेत, म्हणजे तेव्हा ते औरंगाबादच होतं, खोली शोधत हिंडणाऱ्याला घरमालक काय काय विचारायचे, याची मला तोवर सवय झाली होती. जात विचारत, पगार विचारत, मटण खाता का विचारत, पाहुणे किती येतात नि किती दिवस टिकतात तेही विचारत. औरंगपुऱ्यातल्या त्या माळवदाच्या बैठ्या घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं.

"चालतो की," मी म्हणालो.

"किती?"

"भरपूर. चालणं हा तर माझा छंद आहे."

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या. कचेरीत कारकुनी करणाऱ्याला त्या माराव्याच लागतात. पण एवढी अंगाला, आणि विशेषतः टाचांना, लागलेली थाप दुसरी नाही. मी मूळचा परभणीचा. आमच्याकडं समोरच्या गल्लीत पान खायला जायचं तरी मी सायकल काढत असे.

पण करतो काय? वैशाखात माझं लग्न झालं होतं आणि बायको कन्नडकडच्या खेड्यात, माहेरी होती. सासरे शेतकरी गडी, जन्मात दोन वाक्यांच्या वर बोलले नाहीत. मला त्यांनी दोनच ऐकवली होती. "जावयबापू, चुलीची सोय झाली की न्या पोरीला. तवर ऱ्हाऊ द्या." आणि या घरात पुढची एक खोली होती नि मागं चुलीची दुसरी. मी मनातल्या मनात त्या चुलीवर चहासुद्धा ठेवला.

"पुढची खोली आजच घ्या," गृहस्थ म्हणाले. "मागच्या खोलीचं दिवाळीपर्यंत बघू."

"काय बघायचं?"

"तुमचं चालणं," ते म्हणाले आणि मागच्या खोलीची किल्ली त्यांनी शेरवानीच्या आतल्या खिशात टाकली.

त्यांना सगळे गिरदावरसाहेब म्हणत. निजामाच्या राज्यात गिरदावर म्हणजे पंधरावीस गावांची पिकं, शेतसारा नि हद्दी यांवर नजर ठेवत फिरणारा अधिकारी. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, खात्यांची नावं बदलली, मग यथावकाश साहेब पेन्शनीतही निघाले. पण त्यांचा दौरा थांबला नाही. दर रविवारी उजाडता उजाडता ते आपल्या जुन्या गावांच्या पाहणीला निघत. कुणी पाठवत नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं. आणि भाडेकरूनं बरोबर जायचं, हा त्या घराचा अलिखित करार होता. माझ्या आधीचे भाडेकरू शेंद्र्याला बदली झाली म्हणून गेले असं साहेब सांगत. शेजारी सांगत, की गुडघे गेले म्हणून गेले.

पोलीस ॲक्शननंतर गावातल्या निम्म्या शेरवान्या ट्रंकेत गेल्या नि उरलेल्यांचे उशांचे अभ्रे झाले. साहेबांची मात्र अंगावरच राहिली. वर काळी शेरवानी, खाली धोतर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. वरून निजाम, मधून भटजी आणि खालून फुटबॉलवाला. हातात काठी, पाठीवर भाकरीचं फडकं. मी त्याला पहिल्या रविवारी "फिरायला जाणं" म्हणालो, तर ते थांबले.

"फिरतात ते पुढारी आणि भिकारी, जनाब. आपण चालतो."

"जनाब" म्हणाले की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं. मला ते पहिल्याच महिन्यात इतक्या वेळा जनाब म्हणाले, की माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही अशी शंका यायला लागली.

त्यांचे नियम होते. सडकेनं जायचं नाही. "सडकेनं सामान जातं. माणसं शिवारातून जातात." दौलताबादकडं जाणारी चांगली डांबरी सडक उजव्या हाताला दिसत असायची, तिच्यावरून टांगे, सायकली, खुलताबादची एस.टी. अशी सुखी दुनिया चाललेली असायची, आणि आम्ही डाव्या अंगाला काळ्या मातीत एकेक पाय उपसत, प्रत्येक बुटाला शेर शेर चिखल बांधून जात असू. गेल्या वाटेनं परत यायचं नाही, हा दुसरा नियम. त्यामुळं जाताना जो ओढा एवढ्या कष्टानं ओलांडला, तो येताना त्याहून खोल जागी ओलांडायला मिळे. गावाची शीव ओलांडल्याशिवाय भाकरी सोडायची नाही. आणि वाटेत दिसेल त्या शेतकऱ्याला थांबवून त्याच्या पिकाला नावं ठेवायची. "अहो, या तुरीला काय झालं? अशी रुसल्यागत का उभी आहे?" शेतकरी बिचारा "व्हय सायेब" म्हणून कपाळावरचा घाम पुसायचा. साहेबांच्या हातात आता काहीही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. तरी "व्हय सायेब."

हे सगळं मी सोसलं असतं. पण सगळ्यांत वरचा नियम होता: कुणाला काही विचारायचं नाही.

"विचारणारा माणूस आंधळा असतो. डोळे दिलेत ना? मग बघा."

एकदा आम्ही डोंगराच्या पोटात वाट चुकलो. साहेबांच्या भाषेत "वाट चुकलो" असं काही नव्हतंच, "वाट लांबली" असं होतं. तिथं एक धनगर मेंढरं घेऊन उभा होता. मी तोंड उघडणार तोच साहेबांनी माझ्या दंडाला धरून पुढं ओढलं. आम्ही एक ओढा चढलो, एक उतरलो, घाणेरीच्या झुडपांत घुसलो, बाहेर आलो. समोर तोच धनगर. पुन्हा एक चक्कर. पुन्हा धनगर. तिसऱ्यांदा आम्ही उगवलो तेव्हा त्याच्याच्यानं राहवेना.

"सायेब, दौलताबादला जायचं असंल तर त्या..."

"ऐकू नका!" साहेब माझ्यावर ओरडले आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही कान हातांनी झाकले.

तो धनगर, ती मेंढरं आणि समोर तो कानांवर हात ठेवून शेरवानीत उभा असलेला माणूस. आणि मी. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते लिहिलं तर छापता येणार नाही. मी फक्त मागच्या खोलीतली चूल आठवली आणि पुढं चालू लागलो.

आता दगडाचं सांगतो.

दौलताबादच्या अलीकडं, सडकेपासून आत, दोन गावं आहेत. आम्ही त्यांना वरचं गाव नि खालचं गाव म्हणत असू. दोन्हींच्या मध्ये एक टेकाड, त्यावर सगळी रानटी सीताफळाची झुडपं, आणि टेकाडाच्या माथ्यावर निंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. साहेब नव्यानं गिरदावर झाले तेव्हा या दोन गावांचा हद्दीवरून तंटा होता. डोकी फुटण्यापर्यंत गेलेला. साहेबांनी दोन्ही गावं समोरासमोर बसवली, तंटा मिटवला आणि शिवेवर स्वतःच्या देखरेखीखाली दगड रोवला. त्यांच्या नोकरीतला तो पहिला निवाडा. मग रझाकारांची धामधूम आली, पोलीस ॲक्शन झाली, माणसं इकडची तिकडं झाली. साहेबांचीही दूर बदली झाली. बऱ्याच वर्षांनी परत येऊन पाहतात तर दगड नाही.

"माणूस मेला तर समजू शकतो," साहेब म्हणायचे. "दगड जातो कुठं?"

त्यांना खूण आठवत होती: मोठी बाभूळ, तिच्या बुडाशी दगड. आता टेकाडावर बाभूळ कुठंच नव्हती. तरी दर तिसऱ्या रविवारी आमचा दौरा तिकडंच वळायचा. साहेब आधी म्हसोबापुढं बूट काढून उभे राहायचे, एक रानफूल वाहायचे आणि हळूच म्हणायचे, "महाराज, एवढा दगड सापडू द्या." मग काठीनं एकेक झुडूप उचलून बघायला लागायचे. म्हणजे उचलायचे ते, आणि आत डोकं घालायचो मी. बोरीचे काटे, कुसळं, मुंग्या, एकदा तर साप. "काही दिसतं का?" "साप दिसतो." "सापाचं विचारलं नाही मी, जनाब."

अशानं दसरा उलटला. सासऱ्यांचा निरोप आला की दिवाळीला या, पण चुलीचं काय झालं. रविवारी दुपारी भाकरी खाताना मी धीर करून किल्लीचा विषय काढला. साहेबांनी कांदा फोडला आणि म्हणाले, "तुम्ही चालता, पण तुमचं मन चालत नाही. बघू."

मन! पायांना फोड आले होते ते पुरले नव्हते, आता मनालाही बूट घालायचे होते. त्या रात्री नव्हे, त्या क्षणीच, कांद्याचा घास तोंडात असताना, मला ती कल्पना सुचली. यांना दगड पाहिजे ना? देऊ की दगड.

घराच्या मागं मोरी होती आणि मोरीत कपडे आपटायचा दगड. काळा, चपटा, हातभर लांब. साहेबांची धोतरं नि माझे बनियन वर्षानुवर्षं, म्हणजे माझे काही महिने, त्याच्यावर धुतले जात. तो उभा रोवला तर हद्दीचा दगड म्हणून कुणीही पाहिला असता. दिवाळीच्या रंगरंगोटीचा चुना बादलीत होताच. शनिवारी साहेब बाजारात गेले असताना मी दगडाला चुना फासला, तो वाळवला, मातीनं जरासा जुना केला आणि सतरंजीत गुंडाळून एस.टी. स्टँडवर नेला. नेला म्हणजे टांग्यानं नेला. दहाबारा किलोचं ते धूड मी चालत नेणार होतो की काय?

खुलताबादच्या गाडीत कंडक्टरनं सतरंजीवर टिचकी मारली. "काय हाय?"

घाईत माणूस काय बोलेल सांगता येत नाही. "देव आहे," मी म्हणालो. "स्थापना करायचीय. शेतात."

कंडक्टरनं टोपी सरळ केली, सतरंजीला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "देवाला तिकीट नाय लागत. सामानाला लागतं." आणि सामानाचं तिकीट फाडलं. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं वाकून सतरंजीपुढं एक पेरू ठेवला. मी तो फाटा यायच्या आधीच खाल्ला.

फाट्यावर उतरून मी टेकाड चढलो. दगड कुठं रोवायचा याचा मी फारसा विचार केला नाही. हद्दीची रेघ कुठून जाते याचं मला काय? जिथं काटे कमी होते तिथं, म्हसोबाच्या थोडं वर, वरच्या गावाच्या अंगाला मी खड्डा खणला, दगड रोवला, वर पालापाचोळा टाकला.

दुसऱ्या दिवशी म्हसोबाला फूल वाहून झालं आणि साहेबांनी काठी उचलली. मी दोनचार झुडपांत उगाच डोकं घातलं. मग त्या झुडपात घातलं आणि ओरडलो. जरा जास्तच ओरडलो, कारण दोन्ही गावांतली शेतावरची माणसं धावत आली. खालच्या गावचा बाबुराव आला, वरच्या गावचा सखाराम आला.

साहेब खाली बसले. धोतर चिखलात गेलं तरी भान नव्हतं. त्यांनी दगडावरून हात फिरवला. वरून खाली, मग खालून वर, मग कडेनं. किती वेळ फिरवत होते. मग माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा दगडाकडं. मग साहेब उठले, शेरवानीच्या आतल्या खिशात हात घातला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"घ्या. सूनबाईंना आणा."

"जनाब" म्हणाले नाहीत, हे त्या आनंदात माझ्या लक्षात आलं नाही.

दिवाळी झाली आणि बायको आली. आल्या दिवशी तिनं चूल सारवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांची बादली घेऊन मोरीत गेली ती तशीच परत आली.

"अहो, इथं दगड नाय का कपड्याला?"

मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. ओट्यावरून साहेबांचा आवाज आला. "होता, सूनबाई. गेला कुठंसा."

"दगड काय चालत जातोय व्हय काका?"

"हल्ली जातात," साहेब म्हणाले. मी पेपराच्या कडेवरून पाहिलं, तर ते माझ्या पायांकडं बघत होते. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

पुढं दोनतीन आठवडे सगळ्यांचे कपडे पायरीवर धुतले गेले आणि दर वेळी बायको बडबडायची. मग एका गुरुवारी, शहागंजच्या बाजाराला आलेला सखाराम आमच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. हातात काठी.

"सायेब, तुमच्या दगडानं मला खाल्लं! बाबुरावानं टेकाडावरची समदी सीताफळं तोडून नेली. म्हंतो, सायबाचा दगड वर निघाला, झाडं माझ्या अंगाला आली. सरकारी मानसानं शोधलाय, म्हंतो. आयतवारी आमी समोर उभं ऱ्हाणार हाय. मग फुटतील त्याची फुटतील."

तो गेला. साहेब म्हणाले, "रविवारी लवकर निघू." डोकी फुटतील ती फुटतीलच, पण खरं बाहेर आलं तर किल्ली गेली, चूल गेली, आणि आता तर बायकोसकट मी रस्त्यावर. सासऱ्यांचं तिसरं वाक्य ऐकायची माझी हिंमत नव्हती.

रविवारी बायको म्हणाली, "मी पण येते." काष्टा मारला, डोक्यावर पदर घेतला आणि साहेबांच्या पुढं चालायला लागली. शेतात वाढलेली पोर ती, ढेकळांतून अशी जात होती जशी कुणी सतरंजीवरून जातं. मी मागं. एका ठिकाणी पांदीला दोन फाटे फुटले. साहेब डोळे बारीक करून "बघायला" लागले. तेवढ्यात ही कापूस वेचणाऱ्या बाईला हाक मारती झाली.

"मावशी, टेकाडाकडं कंची वाट?"

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता इथंच दौरा संपला. "ह्या अंगानं जा बाई, लगी पोचशील," मावशी म्हणाली. आम्ही खरोखरच लगी पोचलो. साहेब वाटभर काठीनं ढेकळं फोडत आले. पण तिला जनाब म्हणाले नाहीत.

टेकाडावर दोन्ही गावं जमली होती. बायका लांब बसलेल्या, गडी दोन बाजूंना, काठ्या टेकून. मध्ये माझा दगड, पांढराशुभ्र.

"ह्यो बघा सायेब, तुमीच सांगा," बाबुराव म्हणाला. "तुमचाच दगड हाय ना?"

"तुझ्या आज्ज्यानं तरी कवा इथं दगड बघितला व्हता का रं?" सखाराम पुढं सरसावला.

"आज्ज्याचं नाव काढू नको!"

काठ्या उचलल्या गेल्या. साहेबांनी स्वतःची काठी मध्ये आडवी धरली आणि मान माझ्याकडं वळवली.

"सांगा, जनाब."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बायकोही. मी म्हणालो, "दगड... दगड मी आणला." "आमच्या मोरीतला आहे. कपडे धुवायचा."

मग बायांच्या बाजूनं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं टेकाड हसलं. बाबुराव तर काठीला धरून खाली बसला. "आरं देवा! धुन्याचा दगड! आन् मी त्याच्यापायी सीताफळं तोडली!" हसणारा माणूस काठी उगारू शकत नाही, एवढं एक माझ्याकडून गावकीचं भलं झालं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी साहेबांना हळूच म्हणालो.

"माझ्या धोतरांचा जन्म गेला त्याच्यावर. हात लावताच कळलं."

"मग किल्ली कशी दिलीत?"

"म्हटलं, एवढं वजन पाठीवर घेऊन शिवारातून इतकं चाललेला माणूस! लबाड आहे, पण चालणारा आहे."

मी वाकून बुटाचा चिखल काढू लागलो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. दोन महिन्यांचा संसार झालेला नव्हता, तरी मी चालणारा आहे की नाही हे तिला पुरतं कळलेलं होतं. ती सखारामाकडं वळली आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं, विचारलं:

"मग तुमच्या शिवंचा खरा दगड कुठंय दादा?"

सखाराम नि बाबुराव दोघांनीही एकाच दिशेला हात केला. "ह्यो काय. म्हसोबा."

साहेबांची काठी हातातून पडली.

"रझाकाराच्या टायमाला जो तो उठून बांध सरकवायला लागला व्हता," बाबुराव सांगत होता. "तवा माझ्या बापानं न् ह्याच्या बापानं मिळून दगडाला शेंदूर फासला. देवाला कोन हलवतंय? बाभूळ म्हातारी झाली, पडली. निंब मागनं उगवला. पर देव जाग्यावर हाय. सायबानं दुसरा दगड काढला तवा मला वाटलं, जुनी सरकारी शीव तीच असंल, म्हून लोभ सुटला."

"मला सांगितलं का नाही?" साहेबांनी म्हसोबाकडं बोट केलं. "इतकी वर्षं येतोय मी!"

सखाराम गोंधळला. "तुमी कवा इचारलं, सायेब? तुमी येताव, देवाच्या पाया पडताव, झुडपं उचलताव. आमाला वाटलं, काय औशिद-बिवशिद हुडकत असताल."

साहेब हळूहळू म्हसोबापर्यंत गेले. बूट काढले. उभे राहिले. ज्या दगडाला ते वर्षानुवर्षं हात जोडून "दगड सापडू द्या" म्हणत होते, त्या दगडाकडं बघत राहिले. त्यांनी त्याला हात लावला नाही. देवाला कसा लावणार? पण वाकून बुडाशी पाहिलं, माती जराशी उकरली, आणि तिथली काहीतरी जुनी खूण त्यांना पटली असावी, कारण त्यांनी मान हलवली. त्यांचा निवाडा जागचा हलला नव्हता. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल, मग मलाही येईल, आणि सगळं क्षम्य होऊन जाईल.

ते वळले आणि माझ्यावर खेकसले, "तुम्ही तरी विचारायचं होतं!"

मी! मी विचारायचं! मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आजही हे लिहिताना माझं तोंड उघडंच आहे.

"उचला तो दगड," साहेब म्हणाले. "आणला तसा न्या. सूनबाईंची अडचण होते."

आणि मी तो नेला. खांद्यावर, मग दुसऱ्या खांद्यावर, मग डोक्यावर, मग पोटाशी धरून लेकरासारखा. साहेब नि बायको पुढं गप्पा मारत, बाबुरावानं पश्चात्तापानं दिलेली सीताफळं खात, बिया उडवत. वाट अर्थातच नवी, गेल्या वाटेनं यायचं नव्हतं. एका ठिकाणी पांद सडकेला मिळत होती. आम्ही सडक ओलांडत होतो आणि तेवढ्यात खुलताबादची एस.टी. आली, करकचून थांबली. दारातून कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.

"ओ सायेब! देव वापस घेऊन चालले व्हय? बसला नाय का तिथं? या की गाडीत, गेल्या टायमासारखं!"

गाडी गेली. धुरळा बसला. साहेब माझ्याकडं बघत होते. सगळा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून मांडला जात होता: सतरंजी, गाडी, सामान.

"सडकेनं सामान जातं," ते शेवटी म्हणाले. "दगड गेला, त्यात त्याची चूक नाही. पण तुम्ही त्याच्याबरोबर गेलात, जनाब." आणि हात पुढं केला. "किल्ली."

मी खिसा चाचपला. बायकोनं कमरेला खोचलेली किल्ली पदराखालून जराशी दाखवली. "माझ्यापाशी हाय काका."

साहेबांनी तिच्या पायांकडं पाहिलं. ढेकळांनी माखलेले, भेगाळलेले, न दमलेले पाय. हात मागं घेतला.

"मग तुमच्याचपाशी राहू द्या, सूनबाई. खोली तुमची. हे तुमच्याकडं राहतात असं धरू."

त्यानंतर त्या घरात आम्ही पुष्कळ वर्षं राहिलो. दर रविवारी उजाडता साहेब ओट्यावरून हाक मारायचे, "सूनबाई, येता?" आणि ही काष्टा मारून निघायची. ती भेटेल त्याला वाट विचारायची आणि साहेब तेवढा वेळ दुसरीकडं तोंड करून उभे राहायचे; ऐकायचे मात्र, कारण चालू पडायचे बरोबर वाटेनं. दोघांनी खुलताबादचा सगळा डोंगर पालथा घातला. मी घरी. मोरीत. त्या दगडावर सगळ्यांचे कपडे आपटत. चुना त्याच्या बारीक भोकांत असा बसला होता, की माझ्या काळ्या पँटवर कायम पांढरे ठिपके उमटायचे.

साहेब गेले तेव्हा शेरवानी हिनंच धुतली, हलक्या हातानं, न आपटता. वरच्या नि खालच्या गावची माणसं आली होती. शिवारातून चालत आली होती.

पुढं ते घर पडलं, तिथं मोठी इमारत उभी राहिली, आणि आम्ही जवळच एका फ्लॅटमध्ये गेलो. सामानाचा टेम्पो भरून झाला आणि मी दगड उचलून त्यात टाकणार, तोच ही मध्ये आली.

"त्यो टेम्पोत नाय जायचा."

"अगं, सामान आहे ते!"

"सामान न्हाय. तुमी न्या. चालत."

मी निवृत्त माणूस. घरी कपड्यांचं मशीन येऊन दोन वर्षं झालेली. पण हिच्या आवाजात कुणाचा आवाज मिसळलाय हे मी ओळखलं आणि दगड खांद्यावर घेतला. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून, रिक्षांच्या शिव्या खात, या खांद्यावरून त्या खांद्यावर. वाटेत दम लागला. एका पिंपळाच्या पाराला दगड उभा टेकवला आणि मी बाजूला उकिडवा बसून घाम पुसू लागलो.

एक बाई आली. हातात भाजीची पिशवी. दगडापाशी थांबली, चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, पिशवीतून एक सीताफळ काढून दगडापुढं ठेवलं आणि चपला घालून चालू पडली.

मी तिला हाक मारणार होतो. सांगणार होतो, की बाई, हा देव नाही, आमचा धुण्याचा दगड आहे. पण तिनं विचारलंच नव्हतं.